ओट्यावरचं बोलणं आणि मोबाईलवरचं लिहिणं



हातातलं काम सोडू नका, ऐकता ऐकता होऊ द्या. भाकरी थापत असाल तर थापा, तूर निवडत असाल तर निवडा. मी माहूर तालुक्यातल्या एका लहान गावातून बोलतेय. आमच्या बचत गटाची मी सचिव आहे. माझी शाळा दहावीपर्यंत झाली. पुढं लग्न, लेकरं, शेत. लिहायची सवय लागली ती गटाच्या वहीमुळं. बैठकीला कोण आलं, किती बचत जमली, कुणाला कर्ज दिलं, कुणाचा हप्ता थकला, हे दर आठवड्याला लिहिता लिहिता हात वळला.

तीन वर्षांपूर्वी लेकानं माझ्या मोबाईलवर मला एक पान उघडून दिलं. ब्लॉग म्हणतात त्याला. मराठीत काही जण अनुदिनी म्हणतात. सोपं सांगायचं तर ती आपली वहीच. फरक एवढाच, की ही वही कपाटात राहत नाही, वेशीवर उघडी ठेवलेली असते. येणाऱ्या-जाणाऱ्या कुणीही वाचावी. काही बाया लिहितात, काही व्हिडिओ करतात. दोन्ही एकच. आपलं जगणं चारचौघांपुढं मांडायचं.

आता गटागटांतून बाया मला विचारतात, "ताई, आम्हालाही असं काही सुरू करायचंय, कसं करायचं?" कसं करायचं ते तुमची मुलं पाच मिनिटांत दाखवतील. मी आज माझ्या चुका सांगणार आहे. त्यातल्या बऱ्याच हसण्यावारी नेण्यासारख्या आहेत. एक मात्र नाही. ती शेवटाकडं सांगते.

पहिली चूक, दुसऱ्याचं पाहून लिहिणं. माझ्या पानावरचा पहिला लेख कशावर होता माहीत आहे? पनीर बटर मसाल्यावर. आमच्या गावात पनीर मिळत नाही. मी ती भाजी तोवर दोनदा खाल्ली होती, तीही लग्नात. तरी कुठून तरी उतरवून काढली आणि टाकली. चार जणांनी पाहिली, त्यातले दोघं घरचेच. मग एकदा चिडून मी अंबाडीची भाजी लिहिली. ज्वारीच्या कण्या घालून, वरून लसणाची फोडणी, आमच्या सासूबाई करत तशी. दुसऱ्या दिवशी पुण्याला कामाला गेलेल्या आमच्याच भागातल्या एका पोरीचा निरोप आला, "काकू, कण्या आधी शिजवायच्या की भाजीबरोबर? आई गेल्यापासून खाल्ली नाही." त्या दिवशी मला कळलं, मी कुणासाठी लिहायचं ते.

तुम्ही सारोळा कासारच्या आजींचं नाव ऐकलं असेल. सुमन धामणे. अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, त्या शहराजवळचं हे गाव. 2020 साली, वयाच्या सत्तरीत, नातवाच्या मदतीनं त्यांनी 'आपली आजी' नावानं यूट्यूबवर स्वयंपाक दाखवायला सुरुवात केली. नातवानं पावभाजी मागितली, तिथून ही गोष्ट सुरू झाली असं सांगतात. पण आजी लाखो घरांत पोचल्या त्या आपल्या गावाकडच्या चवीनं. कारल्याची भाजी, घरचा मसाला, गावाकडचं बोलणं. सुरुवातीला कॅमेऱ्याची भीती वाटायची, इंग्रजी शब्द अडायचे. ते त्या शिकल्या. स्वतःचा हात आणि स्वतःची बोली मात्र त्यांनी बदलली नाही.

आपल्याकडं काय कमी आहे सांगा? गडावर रेणुकामातेला तांबूल असतो, तो कसा कुटतात ते इथल्या बाईला माहीत. मोहाची फुलं कधी वेचायची, किती वाळवायची, ते जंगलाकाठच्या बाईला माहीत. तांड्यावरच्या बाईला काचेच्या टिकलीचा टाका माहीत, होळीच्या लेंगी तोंडपाठ. आपण मात्र म्हणतो, यात काय लिहायचं, हे तर सगळ्यांनाच येतं. बायांनो, हे सगळ्यांना येत नाही. आपल्याच लेकींना येईनासं झालंय. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी लिहायला-वाचायला शिकलेल्या नव्हत्या. शेतात, चुलीपुढं, जात्यावर त्या गाणी रचायच्या. घरच्यांनी ती उतरवून घेतली म्हणून टिकली. 3 डिसेंबर 1951 ला त्या गेल्या आणि 1952 साली आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं पुस्तक निघालं. कुणी उतरवूनच घेतली नसती, तर त्यांच्याबरोबरच गेली असती.

दुसरी चूक भाषेची. लिहायला बसलं की आपण एकदम पुस्तकी होतो. "सदर भाजी अत्यंत पौष्टिक असून..." असं घरात कुणी बोलतं का? आपण बैठकीत बोलतो तसंच लिहा. बोटानं टाइप करणं जमत नसेल तर मोबाईलला बोलून सांगता येतं. किबोर्डवर माईकचं चिन्ह असतं, ते दाबायचं, भाषा मराठी ठेवायची आणि बोलायचं. पण एक करा, टाकायच्या आधी मोठ्यानं वाचा. मी वाचलं नाही. माझ्या मोबाईलनं 'अंबाडीची भाजी' ऐकून 'अंबानीची भाजी' लिहिलं. आठ दिवस मला गावभर अंबानीची सून म्हणत होते.

आणखी एक अडचण सांगते. तालुक्याला दुकानातून लेख टाइप करून आणला, तर कधी कधी तो आपल्या मोबाईलवर उघडत नाही, नुसत्या चिन्हांची रांगोळी दिसते. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमुळं असं होतं. दुकानदाराला एवढंच सांगायचं, "युनिकोडमध्ये करून द्या." मग तो कुठंही वाचता येतो.

तिसरी चूक अंदाजाची. आपल्या स्वयंपाकात सगळं अंदाजानं असतं. चिमूटभर, मूठभर, बेतानं. आपला हात बसलेला असतो म्हणून चालतं. वाचणाऱ्या पोरीचा हात बसलेला नसतो. तिला वाटी सांगा, चमचा सांगा. शेतीचं लिहिताना तर फारच जपायला हवं. मी एकदा लिहिलं, "कपाशीवर निंबोळीचा अर्क मारला, फरक पडला." एकानं विचारलं, किती? मला सांगता येईना, कारण मोजून केलंच नव्हतं. मग नीट विचारून, मोजून केलं. पाच टक्के अर्क करायचा तर वाळलेल्या निंबोळीची पाच किलो भरड रात्रभर थोड्या पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यानं गाळायची, सगळं मिळून शंभर लिटर पाणी करायचं. ताजा वापरायचा, संध्याकाळी मारायचा. असं लिहिलं की वाचणाऱ्याच्या कामाला येतं. सोबत कोणत्या महिन्यात केलं, कोणत्या पिकावर केलं, फरक पडला की नाही तेही लिहावं. फरक पडला नाही हे लिहिणंसुद्धा उपयोगी असतं, बायांनो. आपली फजिती वाचून दुसरीचे पैसे वाचतात.

याच ओघात एक पक्की रेघ ओढून ठेवते. औषधाचं लिहायचं नाही. सर्दीला आल्याचा काढा ठीक आहे. पण साप चावल्यावर अमुक पाला लावा, कावीळ उतरवायला तमुक पाणी प्या, मुलाचा ताप असा काढा, हे आपल्या पानावर नको. पावसाळ्यात आपल्याकडं रानात साप निघतात. साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. माणसाला धीर द्यायचा, हालचाल कमी ठेवायची आणि लगेच दवाखान्यात न्यायचं. विषावर उतारा म्हणून सापविरोधी लस तिथंच मिळते. आपला लेख वाचून कुणी अर्धा तास पाला शोधत बसलं, तर तो अर्धा तास कुणी परत देणार नाही.

चौथी चूक, न विचारता घेणं. दुसऱ्याचा फोटो, दुसऱ्याचं गाणं, दुसऱ्याचा लेख आपल्या नावानं टाकणं. मोबाईलवर आलं म्हणजे ते बेवारशी झालं असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. आपल्या देशाच्या कायद्यानं लिहिणाऱ्याचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं राहतो. व्हिडिओच्या मागं सिनेमाचं गाणं लावलं आणि तो व्हिडिओच काढून टाकला गेला, असं कितीतरी जणींचं झालंय.

आणि कायद्याच्या पलीकडं माणुसकी आहेच. जात्यावरच्या ओव्यांचं एक मोठं काम झालंय, ते सांगते. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी आणि त्यांच्या साथीदारांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांत फिरून एक लाखावर ओव्या जमवल्या. 2017 पासून त्या पारी या संकेतस्थळावर येऊ लागल्या. पारी म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया. तिथं नुसती ओवी नाही, गाणाऱ्या बाईचं नाव आहे, तिचं गाव आहे. पिढ्यान् पिढ्या बायांनी गायलं आणि नाव कुणाचंच राहिलं नाही, ते तिथं राहिलं. मी तांड्यावरच्या एका याडीच्या कशिद्याचा फोटो टाकला तेव्हा तिचं नाव घातलं नव्हतं. मला वाटलं, बिचारीचं नाव कशाला उघड करा. ती भेटल्यावर म्हणाली, "टाका माझा, दिवस माझे, डोळे माझे गेले, आन् नाव तुझ्या पानाचं?" मी नाव घातलं. तेव्हा मला वाटलं, धडा मिळाला. अर्धाच मिळाला होता.

पाचवी चूक किल्ली दुसऱ्याच्या हातात देण्याची. आपलं पान, आपलं चॅनेल पासवर्डवर चालतं. फोनवर येणारा ओटीपी म्हणजे घराची किल्ली. "तुमचं चॅनेल बंद होणार आहे, ओटीपी सांगा," "पाच हजार भरा, तुमचे सदस्य वाढवून देतो," असे फोन येतात, निरोप येतात. मी मघाशी सांगितलं त्या आजींचं चॅनेलसुद्धा 2020 च्या ऑक्टोबरमध्ये कुणीतरी हॅक केलं होतं. इतक्या कष्टानं उभं केलेलं एका दिवसात हातचं गेलं. धावपळ करून काही दिवसांनी ते परत मिळालं. सगळ्यांनाच मिळतं असं नाही. म्हणून मोबाईलमध्ये टू स्टेप व्हेरिफिकेशन म्हणजे दुहेरी कुलूप लावून घ्या. पासवर्ड मुलाला माहीत असेल तर तुम्हालाही माहीत असू द्या, तुमचं पान आहे ते. फसवणूक झाली, पैसे गेले, तर लाजून गप्प बसू नका. 1930 या क्रमांकावर लगेच फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

सहावी चूक घाईची. महिना झाला, पैसे कुठं आहेत? यूट्यूबचं सांगते. साध्या व्हिडिओंवर जाहिरातीचा वाटा मिळायला एक हजार सदस्य लागतात आणि बारा महिन्यांत लोकांनी मिळून चार हजार तास पाहिलेलं लागतं. आपण गटाचे हिशेब करतो, तसा करा. चार हजार तास म्हणजे दोन लाख चाळीस हजार मिनिटं. पाच मिनिटांचा व्हिडिओ असेल, तर अठ्ठेचाळीस हजार वेळा तो पूर्ण पाहिला गेला पाहिजे. आणि एवढं झालं की पैशाचा पाऊस पडतो असंही नाही. म्हणून कर्ज काढून महागाचा मोबाईल घेऊ नका. आहे त्यावर सुरू करा. खिडकीजवळ उजेडात बसा, पंखा बंद करा, कोंबड्या हाकला, बस्स.

गटाची पंचसूत्री आपल्याला पाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, हिशेबाच्या चोख नोंदी. गट कशावर टिकतो? एकदा मोठी रक्कम टाकण्यावर नाही, दर आठवड्याच्या लहान रकमेवर. लिहिण्याचंही तसंच आहे. पहिल्या आठवड्यात सात लेख आणि मग सहा महिने शुकशुकाट, यापेक्षा पंधरा दिवसांनी एक बरा. सोयाबीन काढणीला महिनाभर जमणार नाही, तर तसं लिहून टाका. वाचणाऱ्या आपल्यासारख्याच आहेत, समजून घेतात.

सातवी चूक, कुणी वाईट बोललं की बंद करणं. बोलतात, बायांनो. "घरची कामं नाहीत का," "हिला आता मोबाईलचं वेड लागलं." आपल्या शेजारच्या वऱ्हाडात, बुलढाण्याला, ताराबाई शिंदे नावाची बाई होती. 1882 साली तिनं 'स्त्रीपुरुषतुलना' हे पुस्तक लिहिलं. बाईलाच दोष का देता, पुरुषाचे दोष का पाहत नाही, असं तिनं ठणकावून विचारलं. तिच्यावर खूप टीका झाली. महात्मा फुल्यांनी तिची बाजू घेतली. तरी तिचं दुसरं पुस्तक आपल्यापर्यंत आलेलं नाही. ते एकही पुढं जवळजवळ विसरलं गेलं होतं. 1975 साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं, म्हणून आज आपल्या हातात आहे. ती आणखी लिहिती तर काय काय लिहिती, कोण जाणे. म्हणून मी नियम केलाय. चूक दाखवणाऱ्याला उत्तर द्यायचं आणि चूक दुरुस्त करायची. नुसती शिवी देणाऱ्याला उत्तर द्यायचं नाही, ब्लॉक करायचं. धमकी दिली, घाणेरडं लिहिलं, तर त्याचा फोटो म्हणजे स्क्रीनशॉट काढून ठेवायचा, गटाला सांगायचं आणि पोलिसांत जायचं. एकटीनं झेलत बसायचं नाही.

आता ती शेवटची चूक.

आमच्या गटातल्या एका बाईचे तीन हप्ते थकले होते. का थकले, ते तिनं बैठकीत रडत रडत सांगितलं. घरातलं कारण होतं. दारू, मारहाण, पेटीतून नेलेले पैसे. सगळ्या गप्प झाल्या. मग एक म्हातारी म्हणाली, "पोरीला मुदत द्या, आपण कशाला आहोत?" गटानं एकमतानं मुदत दिली. मला माझ्या गटाचा इतका अभिमान वाटला, की घरी येऊन रात्री बारापर्यंत मी लिहीत बसले. फार मनापासून लिहिलं. तिचं नाव घातलं नाही. पण हातपंपाजवळचं घर लिहिलं, दोन मुली लिहिल्या, नवरा काय काम करतो ते लिहिलं. गावात अशी बाई एकच.

आजवर माझं काहीही इतकं वाचलं गेलं नव्हतं. लोक म्हणाले, वा, डोळ्यांत पाणी आलं. मी फुगले. चौथ्या दिवशी संध्याकाळी ती दारात आली. बसली नाही. पाणी दिलं, घेतलं नाही. तिच्या थोरल्या मुलीची सोयरीक चालली होती, आणि त्या पाहुण्यांच्या मोबाईलवर माझा लेख पोचला होता. ती म्हणाली, "सचिवबाई, मी गटात बोलले होते. गावात नव्हते बोलले." एवढंच बोलून गेली.

मी त्याच रात्री लेख काढून टाकला. पण लोकांनी त्याचे फोटो काढून ठेवले होते, ते या मोबाईलवरून त्या मोबाईलवर फिरत राहिले. ओट्यावर बोललेलं वाऱ्यावर जातं. मोबाईलवर लिहिलेलं जात नाही. तीन महिने ती बैठकीला आली नाही. बचतीचे पैसे धाकट्या मुलीच्या हाती पाठवायची. आणि दुसरी गोष्ट झाली, ती त्याहून वाईट. बाकीच्या बाया बैठकीत हप्त्याचं बोलायच्या, बाजारभावाचं बोलायच्या, पण घरचं कुणी बोलेना. मी वही घेऊन बसले की आवाज खाली यायचा. गट पैशावर चालतो असं आपण म्हणतो. तो खरा चालतो ते इथलं बोलणं बाहेर जाणार नाही या भरवशावर. तो भरवसा मी एका रात्रीत खर्च करून टाकला होता, तेही कौतुक करता करता.

मी तिच्या घरी जाऊन माफी मागितली. मग सगळ्यांसमोर बैठकीत मागितली. गटानं ठराव केला आणि तो मीच माझ्या हातानं वहीत लिहिला. बैठकीत बोललेलं कुणाही सदस्याच्या परवानगीशिवाय मोबाईलवर जाणार नाही. परवानगी म्हणजे नुसतं "लिहू का" नाही. लिहिलेलं तिला पूर्ण वाचून दाखवायचं. नाव घालायचं की गाळायचं, ते तिनं ठरवायचं. एक रात्र मधे जाऊ द्यायची आणि सकाळी परत विचारायचं. रात्री हो म्हटलेली बाई सकाळी नको म्हणाली, तर नको. यात आपण रागवायचं नाही.

नाव न घातल्यानं माणूस लपत नाही, हे मला त्या वेळी कळलं नव्हतं. शहरात लपत असेल. दीडशे उंबऱ्यांच्या गावात घर सांगितलं, लेकरांची संख्या सांगितली, की नाव सांगितल्यासारखंच. लेकरांचे फोटो टाकताना त्यांच्या आईबापाला विचारा. शाळेचं नाव, येण्या-जाण्याची वेळ, असं काही त्यात दिसू देऊ नका. घर बंद करून जत्रेला निघालात, तर ते परत आल्यावर लिहा. आणि लैंगिक अत्याचार झालेल्या बाईची किंवा लेकराची ओळख पटेल असं काहीही, नाव असो, फोटो असो की घराचा पत्ता, लिहिणं हा कायद्यानं गुन्हा आहे. भलं करायच्या हेतूनं लिहिलं, तरी गुन्हाच.

तुम्ही विचाराल, एवढं झाल्यावर मी लिहिणं सोडलं का? सोडावंसं वाटलं होतं. दोन महिने पान उघडलं नाही. मग ज्या म्हातारीनं बैठकीत मुदत द्या म्हटलं होतं, तीच म्हणाली, "चटका बसला म्हणून चूल बंद ठेवतेस का? हात जपून लाव." तेव्हापासून मी आधी स्वतःचं लिहिते. माझी चूल, माझं शेत, माझी फजिती. त्यासाठी कुणाला विचारावं लागत नाही. आणि दुसरीचं लिहायचं असेल, तर मोबाईल घेऊन तिच्या ओट्यावर जाते, वाचून दाखवते. गंमत अशी, की वाचून दाखवताना ती आणखी चार गोष्टी सांगते, माझ्या दोन चुका काढते, आणि लेख पहिल्यापेक्षा चांगला होतो. आज तुम्हाला त्या बाईचं सांगितलं, तेही तिला विचारून. मी हे बोलणं तिला दोनदा वाचून दाखवलं. एक वाक्य तिनं गाळायला लावलं, ते गाळलंय. तिच्या मुलीचं पुढं नीट झालं, एवढं सांगायला तिनं परवानगी दिली.

ती आता बैठकीला येते. हप्ते फिटले. माझ्याशी बोलतेही. पण मी पिशवीतून मोबाईल काढला, की अजून तिचा हात पदराकडं जातो. मी ते पाहते, आणि मोबाईल पिशवीत ठेवून देते.

तर बायांनो, या आठवड्याच्या बैठकीत एक करून पाहा. प्रत्येकीनं आपल्याला येणारी एक गोष्ट सांगायची, जी आपल्या लेकीला येत नाही. एकीनं ती वहीत उतरवायची, मापासकट. तुमचा पहिला लेख तिथंच तयार होईल. आणि मोबाईलवर टाकायच्या आधी जिचं आहे, तिला वाचून दाखवा.

भाकरी करपली नाही ना कुणाची? चला, येते.